कॉन्सर्ट फॉर बांगलादेश (१९७१) : पहिली बाजू वगळून ऐकू नका

रेकॉर्डवाला

'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' हा १९७१ च्या निर्वासित-मदत मैफलीचा तीन रेकॉर्डांचा अल्बम ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्याची पहिली बाजू एकदाच ऐकलेली असते. रॉकवाले थेट दुसऱ्या बाजूला जातात, कारण तिथे बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन गिटार घेऊन उभा राहतो. शास्त्रीय ऐकणारे पहिली बाजू ऐकतात आणि रेकॉर्ड पाकिटात ठेवतात, कारण पुढे सगळा धांगडधिंगा आहे अशी त्यांची समजूत. आमच्या दादरच्या मित्रमंडळात दोन्ही पंथांचे लोक आहेत आणि माझा दोघांशीही या एकाच मुद्द्यावर वाद होतो.

माझं म्हणणं असं : सहा बाजूंची मिळून ही एकच मैफल आहे आणि ती पहिल्या बाजूवर उभी आहे. सतार-सरोदाची ती सतरा-एक मिनिटं काढून टाकली तर उरतं ते बड्या कलाकारांचं स्नेहसंमेलन. ती ठेवली तर हे सगळे त्या दिवशी तिथे का आले ते कळतं.

नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्याला चक्रीवादळानं झोडपलं, लाखो माणसं गेली. मार्च १९७१ मध्ये लष्करी कारवाई सुरू झाली आणि निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगाल, त्रिपुरा, आसामकडे येऊ लागले. वर्षअखेर तो आकडा एक कोटीच्या घरात गेला. सतारिये रविशंकर बंगाली, वडिलांकडचं मूळ जेसोर भागातलं. सरोदिये अली अकबर खाँसाहेबांचा तर जन्मच शिबपूरचा, आणि पूर्व पाकिस्तानातलं शिबपूर हे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचं गाव. म्हणजे मैहरला ज्या गुरूच्या पायाशी बसून या दोघांनी विद्या घेतली, त्या गुरूचा मुलूखच पेटला होता. बाबा तेव्हा हयात होते. ते १९७२ च्या सप्टेंबरात गेले.

रविशंकरांच्या मनात होता एक छोटासा मदतीचा कार्यक्रम. पंचवीस हजार डॉलर जमले तरी पुष्कळ, एवढाच हिशेब. त्यांनी हॅरिसनकडे विषय काढला आणि हॅरिसननं पुढचे काही आठवडे फोन लावण्यात घालवले. १ ऑगस्ट १९७१, रविवार, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एका प्रयोगाची तिकिटं संपली म्हणून दुसरा लावला : दुपारी अडीच आणि रात्री आठ. दोन्ही मिळून ४०,००० श्रोते. अल्बमवर आहे तो मुख्यतः रात्रीचा प्रयोग, काही तुकडे दुपारचे.

आता पहिली बाजू. हॅरिसन येऊन सांगतो की सुरुवात भारतीय संगीतानं आहे, जरा शांतपणे ऐका. मग रविशंकर बोलतात. आम्ही कलाकार आहोत, राजकारण करायला आलो नाही, पण या संगीतातून तिथल्या लोकांचं दुःख तुमच्यापर्यंत पोचावं, असा त्यांच्या बोलण्याचा सूर आहे. वाद्यं लावून झाली की टाळ्या पडतात आणि पंडितजी म्हणतात, नुसतं जुळवणं एवढं आवडलं, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे. हा प्रसंग लोक हसून सांगतात. माझी विनंती आहे, त्या टाळ्या नीट ऐका. त्यात सद्भाव आहे. काय चाललंय ते कळत नाही, पण माणसं भल्या हेतूनं आली आहेत म्हणून त्यांना दाद द्यायची, असं वीसेक हजार लोक ठरवतात. आणि पंडितजींच्या आवाजात किंचितही अपमान नाही. त्या एका वाक्यात त्यांनी सगळं सभागृह आपल्या बाजूला घेतलं.

मग 'बांगला धून'. सतारीवर रविशंकर, सरोदावर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. लोकधुनेच्या अंगानं जाणारी, वरकरणी साधी चाल. सुरुवातीला सरोद खालच्या सप्तकात बोलतो तिथे त्याला घाई नाही. पुढे लय चढते आणि शेवटाकडे सतार आणि सरोद एकमेकांना इतक्या जवळून उत्तरं देतात की कुठलं वाद्य कुठे संपलं ते शोधावं लागतं. दोघे एका गुरूचे, तरुण वयापासून एकत्र वाजवणारे. कुणी कुणाला मागे टाकायला बघत नाही. रॉकच्या भाषेत सांगायचं तर दोन लीड गिटार एकमेकांना जागा देत वाजवतायत.

आणि हेच पुढच्या पाचही बाजूंवर घडतं. माझ्या मते हाच या अल्बमचा खरा गुण. हॅरिसननं तोवर स्वतःच्या नावावर अशी मैफल केलेली नव्हती, बीटल्सनी तर १९६६ नंतर दौरेच बंद केले होते. तरी तो यजमान म्हणून उभा राहतो आणि लग्नघरातल्या वडीलधाऱ्यासारखा सगळ्यांचं हवं-नको बघत स्वतः मागे सरतो. पाहुणे किती म्हणाल? दोन ड्रमर एकाच वेळी, रिंगो स्टार आणि जिम केल्टनर. बासवर क्लाउस फोरमन. ऑर्गनवर बिली प्रेस्टन, पियानोवर लिऑन रसेल. गिटारवर एरिक क्लॅप्टन, जेसी एड डेव्हिस, डॉन प्रेस्टन. बॅडफिंगर या बँडचे तिघे अकूस्टिक गिटारी घेऊन बसलेले. जिम हॉर्नचा ब्रासचा ताफा आणि डॉन निक्सनं जमवलेला कोरस. एवढी गर्दी मंचावर, आणि तरी 'वाह-वाह' सुरू झालं की गाडी रुळावर आहे हे पहिल्या काही सेकंदांत कळतं.

काही जागा सांगतो. 'इट डोन्ट कम ईझी'मध्ये रिंगो मधेच शब्द विसरतो, काहीतरी पुटपुटतो आणि पुढे जातो. ते तसंच ठेवलंय. बिली प्रेस्टन आपलं गाणं संपत येताना ऑर्गन सोडून उठून नाचायला लागतो, ते या मैफलीच्या सिनेमात दिसतं, पण रेकॉर्डवरही श्रोत्यांचा आवाज एकदम चढतो तिथे ओळखता येतं. क्लॅप्टन त्या काळात व्यसनानं खचलेला होता, तालमींना जवळजवळ आलाच नाही, आणि अडलं तर असावा म्हणून जेसी एड डेव्हिसला तयार ठेवलं होतं. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मध्ये त्यानं पोकळ अंगाची गिब्सन बर्डलँड घेतली, जी त्या गाण्याला अजिबात सोयीची नाही. स्वर लांबवावा तर लांबत नाही. तरी शेवटाकडे तो आणि हॅरिसन आळीपाळीनं वाजवतात तिथे त्या अडचणीतूनच एक वेगळा दुखरा आवाज निघालाय. मूळ १९६८ च्या ध्वनिमुद्रणापेक्षा हा मला जवळचा वाटतो. आणि त्यानंतर चौथ्या बाजूच्या शेवटी 'हिअर कम्स द सन' : हॅरिसन आणि बॅडफिंगरचा पीट हॅम, दोन अकूस्टिक गिटारी, मागे हलका कोरस. एवढ्या गदारोळानंतर मंच एकदम मोकळा होतो.

मुंबईकरांसाठी यात आणखी एक धागा आहे. हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात सतार शिकायला म्हणून मुंबईत आला तेव्हा ताजमध्ये खोट्या नावानं उतरला होता, पण बातमी फुटली आणि बाहेर गर्दी जमली. पुन्हा जानेवारी १९६८ मध्ये आला तो ध्वनिमुद्रणासाठी, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. 'वंडरवॉल म्युझिक' या त्याच्या अल्बमचा मोठा भाग आणि 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याची वाद्यसाथ तिथेच झाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया तेव्हा तरुण होते आणि त्या कामात होते. स्टुडिओ ध्वनिबंद नव्हता. हॅरिसननंच पुढे सांगितलंय की नीट ऐकलं तर टॅक्सी जाताना ऐकू येतात, आणि साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावं लागे. तेव्हा १९७१ मध्ये रविशंकरांचं म्हणणं त्याला एका फोनमध्ये पटलं, त्यामागे ही सगळी वर्षं होती.

तुम्ही कुठून ऐकायला सुरुवात केलीत आणि पहिल्या बाजूवर परत जाता का, ते लिहा.

माहीमकर

लेख फार आवडला. माझ्या मनातलं लिहिलंत. मी पंजाब घराण्याचा तबला शिकलो, त्यामुळे ही बाजू माझ्याकडे अभ्यासाला असते. रॉक ऐकणाऱ्या मित्रांसाठी थोडं लिहितो.

धून आधी दादऱ्यात आहे, म्हणजे सहा मात्रा : धा धी ना, धा ती ना. पायानं ठेका धरता येईल इतका सोपा. नंतर द्रुत तीनतालात जाते, सोळा मात्रा. दादऱ्यात अब्बाजी (अल्लारखाँसाहेबांना आम्ही सगळे अब्बाजीच म्हणतो) जवळजवळ काहीच करत नाहीत असं पहिल्यांदा वाटतं. डग्ग्यावरची, म्हणजे तबलाजोडीतल्या डाव्यावरची, मींड ऐका. डाव्या हाताचं मनगट दाबत जाऊन जो स्वर ते वर खेचतात, तो सरोदाच्या वाक्याच्या शेवटाशी जाऊन मिळतो. साथ कशी करावी याचा तो पाठ आहे. तीनतालात आल्यावर मग तिहाया (एकच तुकडा तीनदा) सुरू होतात आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, तिघे एकत्र येतात तेव्हा न्यूयॉर्कच्या लोकांनाही ती सम कळते. टाळ्या बरोबर तिथे पडतात. कुणी समजावून न सांगता!

अब्बाजी आपल्या मुंबईचे, हे विसरलं जातं. जन्म जम्मूकडचा, पण १९४० च्या सुमारास आकाशवाणीच्या नोकरीसाठी मुंबईत आले आणि इथलेच झाले. ए. आर. कुरेशी या नावानं हिंदी सिनेमांना संगीतही दिलं. त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन, म्हणजे झाकीरभाई, यांचा जन्म १९५१ चा, आमच्या माहीमचा.

आणि एवढे पाहुणे एका मंचावर, तरी कुणाची ओढाताण नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय ते दर ३ फेब्रुवारीला. अब्बाजी २००० साली त्या तारखेला गेले आणि झाकीरभाईंनी त्यांच्या स्मरणार्थ मैफल सुरू केली. षण्मुखानंदला देशोदेशीचे तालवादक यायचे : मृदंगम, पखवाज, आफ्रिकन ढोल, ड्रमसेट. झाकीरभाई सूत्रधार, पण स्वतःचं वाजवणं कमीत कमी. तुम्ही हॅरिसनबद्दल जे लिहिलंत ते वाचताना मला तेच दिसत होतं. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीरभाई गेले. त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन, इथे विषयांतर नको.

पश्चिमरेल्वे

लेखाची मेहनत दिसते, तरी मुख्य मुद्दा मला मान्य नाही.

एक म्हणजे, 'बांगला धून' रेकॉर्डवर आहे ती काटछाट केलेली आहे. प्रत्यक्ष वादन बरंच जास्त वेळ चाललं होतं. म्हणजे ज्या बाजूवर मैफल उभी आहे असं तुम्ही म्हणता, ती बाजूच अपुरी. दुसरं, मैफलीचं खरं वळण पाचव्या बाजूला आहे. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलननं १९६६ नंतर मंचावर येणं जवळपास सोडलं होतं, अगदी मोजके अपवाद. हॅरिसननं गिटारीला जो गाण्यांच्या क्रमाचा कागद चिकटवला होता त्यावर 'बॉब' पुढे प्रश्नचिन्ह होतं. येणार की नाही ते शेवटपर्यंत त्यालाही माहीत नव्हतं. डिलन आला, पाच गाणी झाली, आणि साथीला कोण? हॅरिसन गिटारवर, लिऑन रसेल पियानो सोडून बासवर, रिंगोच्या हातात फक्त खंजिरी. 'जस्ट लाइक अ वुमन'मध्ये हॅरिसन आणि रसेल मागून सूर मिसळतात तिथे माझ्या अंगावर काटा येतो, दर वेळी.

'अ हार्ड रेन'सारखं गाणं ऑगस्ट १९७१ मध्ये गायलं जातं तेव्हा ते पुरापावसात उभ्या असलेल्या निर्वासितांबद्दल होऊन जातं, भले लिहिलं १९६२ मध्ये असेल. दुःख पोचवायचं होतं ना? मग सभागृहाला कळणाऱ्या भाषेत ते इथे पोचलं. पहिली बाजू मलाही आवडते. पण मैफल तिच्यावर 'उभी' आहे हे म्हणणं आपल्या अभिमानापोटी आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

रेकॉर्डवाला

पश्चिमरेल्वे, पाचव्या बाजूबद्दल अक्षरशः सहमत. ती मीही सर्वांत जास्त वेळा ऐकली असेल.

पण क्रमाचा विचार करा. डिलन येतो तेव्हा सभागृह दीडेक तास ऐकून तयार झालेलं आहे. एका साध्या गिटारीवर, ब्रास नाही, कोरस नाही, एक माणूस गातोय आणि वीस हजार लोक शब्द न शब्द ऐकतायत. हे शांतपणे ऐकणं त्या मैफलीत कुणी सुरू केलं? रॉकच्या कार्यक्रमात सुरुवातीलाच चार माणसं जमिनीवर बसून वाजवतात आणि लोकांना गप्प बसून ऐकायला लावतात, तिथे. अभिमान आहेच, तो का नाकारू. पण समजा हे चौघे कुठल्याही देशाचे असते, तरी मी हेच लिहिलं असतं.

काटछाटीचं खरं आहे, आणि त्याचं मला वाईटच वाटतं. रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या पलीकडे मजकूर घातला की आवाज बारीक होतो, त्यामुळे तेव्हा इलाज नव्हता. २००५ मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हा मात्र संधी होती. डिलनचं दुपारच्या प्रयोगातलं एक गाणं त्यात वाढवलं, धून मात्र तेवढीच राहिली.

कोलाहल

मी अंधेरीत ध्वनिमुद्रणाचं काम करतो, त्यामुळे या अल्बमच्या आवाजावर लोक जी टीका करतात ती रोज ऐकतो : गढूळ आहे, ड्रम नीट सुटे ऐकू येत नाहीत, कोरस मागे गेलाय. टीका करणाऱ्यांनी त्या दिवशीचं काम डोळ्यांसमोर आणावं.

रेकॉर्ड प्लांटची फिरती गाडी बाहेर उभी, गॅरी केलग्रेन कामावर, आणि हाताशी सोळा ट्रॅक. मंचावर माणसं पंचवीसच्या आसपास. दोन ड्रमसेट शेजारी शेजारी. एकाच्या स्नेअर ड्रमचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतोच, तो नंतर काढता येत नाही. ब्रासचा आवाज कोरसच्या माइकात, गिटारचे अँप सगळ्यांच्या माइकात. सोळा ट्रॅकांत हे बसवायचं म्हणजे कामाच्या वेळीच ठरवायला लागतं की कोण कुणाबरोबर एका ट्रॅकवर जाईल, आणि तो निर्णय कायमचा. आज माझ्याकडे एका ड्रमसेटलाच त्याच्या निम्मे-अधिक ट्रॅक लागतात. त्यातून निर्माता फिल स्पेक्टर, ज्याचा सगळा कल वाद्यांची भिंत उभी करण्याकडे. तेव्हा सुटं-सुटं ऐकू येत नाही हा काही अपघात नाही. त्या दिवशी तो आवाज तसाच भरगच्च होता.

आता पहिली बाजू याच कानांनी ऐका. तीन वाद्यं आणि तंबोरा, माइक मोजके, शिरकाव कमी. सतारीच्या तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) वाजताना ऐकू येतात, तबल्याच्या कडेला, चाटीवर, बोट पडतं तो आवाज स्वच्छ. अल्बममधलं सर्वांत चांगलं ध्वनिमुद्रण तेच आहे, हे मी व्यवसायाच्या दृष्टीनं सांगतो. लेखकाच्या मुद्द्याला एवढी माझ्याकडून भर.

मीना_गिरगाव

सगळ्यांचं वाचतेय. संगीतातलं मला तुमच्याइतकं कळत नाही, पण ते वर्ष लख्ख आठवतं, म्हणून लिहिते.

त्या हिवाळ्यात पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी एक पाच पैशांचं तिकीट लावायला लागायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. आमच्याकडे आजी सगळ्या नातेवाइकांना पत्रं लिहायची आणि ती पाच पैशांची तिकिटं मीच आणायची पोस्टातून. डिसेंबरात युद्ध सुरू झालं आणि ब्लॅकआउट. वाडीतल्या सगळ्या खिडक्यांच्या काचांना काळे कागद, दिव्याला पुठ्ठ्याची टोपी. भोंगा वाजला की आम्ही मुलं जिन्याखाली. सोळा डिसेंबरला ढाका पडल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा वाडीत पेढे वाटले होते.

न्यूयॉर्कला असं काही झालंय हे आमच्या कानावरही नव्हतं. रेकॉर्ड पहिल्यांदा बघितली ती पुष्कळ वर्षांनी दिरांच्या घरी. मुखपृष्ठावर ते हाडांचा सापळा झालेलं मूल, समोर थाळी. गाणी राहिली बाजूला, मी तो खोका उलटा करून ठेवला. हल्लीच्या सीडीवर त्याऐवजी हॅरिसनचा फोटो असतो म्हणे. तो बदल मला पटला नाही. त्रास होतो म्हणून काढलं असेल, पण त्रास व्हावा म्हणूनच तर ते लावलं होतं ना?

आणि एक विचारायचंय. पैसे शेवटी पोचले का त्या लोकांपर्यंत? आमच्या पाच पैशांचा तरी हिशेब सरकारकडे असेल.

पश्चिमरेल्वे

मीनाताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा. मुखपृष्ठाबद्दल पूर्ण सहमत.

पैशांचं मला जेवढं माहीत आहे ते असं. दोन्ही प्रयोगांच्या तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर आणि वर काही सेंट युनिसेफला लगेच दिले गेले. मूळ अपेक्षेच्या जवळपास दहापट. अल्बम आणि सिनेमाचं उत्पन्न याच्या कितीतरी पट होतं, पण तिथे घोळ झाला. सगळं काही आठवड्यांत उभं केल्यामुळे करमाफीची कागदपत्रं आधी झालेली नव्हती. अमेरिकेच्या करखात्यानं त्या उत्पन्नावर बोट ठेवलं आणि मोठी रक्कम कित्येक वर्षं अडकून पडली. ब्रिटनमध्येही सरकारनं विक्रीवरचा कर सोडला नाही. १९७१ ला छावणीत असलेल्या मुलाला १९८० च्या सुमारास मोकळ्या झालेल्या पैशांचा काय उपयोग, हा प्रश्न उरतोच. युनिसेफनं तो निधी पुढे बांगलादेशातल्या आणि इतर ठिकाणच्या मुलांसाठी वापरला.

हॅरिसनला याचा मनस्ताप झाला. पण त्यानंतर जे मोठे मदत-कार्यक्रम झाले, १९८५ चा लाइव्ह एडसुद्धा, त्यांनी आधी कागद पक्के केले ते याच अनुभवावरून शिकून.

यात एक आपला माणूस आहे, तोही सांगून टाकतो : भास्कर मेनन. भारतात एचएमव्हीचे प्रमुख होते. रेकॉर्डवाला यांनी लिहिलेलं १९६८ चं मुंबईतलं काम त्यांनीच मार्गी लावलं. फोर्टच्या स्टुडिओत स्टीरिओ मशीन नव्हतं म्हणून त्यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं मशीन मागवून दिलं. १९७१ मध्ये तेच अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. डिलन दुसऱ्या कंपनीशी बांधलेला, त्यामुळे अल्बम कोण काढणार यावर महिनोन्‌महिने ओढाताण चालली आणि हॅरिसन टीव्हीवर जाऊन चिडून बोलला. शेवटी डिसेंबर १९७१ मध्ये कॅपिटलकडून अल्बम निघाला. १९७३ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला.

माहीमकर

मेनन यांचं हे मला नवीन! धन्यवाद.

कोलाहल, एक विचारू का? धुनेत द्रुत भागात तबला डावीकडे जरा जास्त येतो असं मला हेडफोनवर वाटतं. ते मिश्रणात केलंय की माइकच्या जागेमुळे?

कोलाहल

माहीमकर, तुम्ही कुठली आवृत्ती ऐकता त्यावर आहे. २००५ ला सगळं मिश्रण नव्यानं केलंय, त्यात वाद्यांच्या जागा जुन्या रेकॉर्डहून वेगळ्या वाटतात. जुन्यात सगळं थोडं मधे गोळा झालेलं आहे, नव्यात हवा खेळते. रॉकच्या बाजूंसाठी मी जुनी सुचवीन, तिथे गर्दीची ऊब आहे. धुनेसाठी नवी.

अनाहूत_पाहुणा

मी पंचवीसचा आहे, हे सगळं पहिल्यांदाच वाचतोय. लोकलमध्ये फोनवर ऐकतो, बोरिवली ते चर्चगेट. इतका मोठा अल्बम एका दमात होणार नाही. कुठून सुरू करू? सतार आधी कधीच बसून ऐकलेली नाही.

रेकॉर्डवाला

अनाहूत_पाहुणा, स्वागत. लोकलमध्ये पहिली बाजू ऐकू नका, एवढंच आधी सांगतो. सुरुवातीचा सरोद गाडीच्या खडखडाटात पूर्ण बुडेल आणि तुम्हाला वाटेल काही होतच नाहीये.

गाडीत दुसरी आणि तिसरी बाजू घ्या. त्यांना गर्दी मानवते. बोरिवलीहून निघून 'वाह-वाह' लावलंत तर चर्चगेट येईपर्यंत क्लॅप्टनचा सोलो गाठाल. परतीच्या गाडीत लिऑन रसेलचा लांबलचक तुकडा आणि 'हिअर कम्स द सन'. डिलनची बाजू रात्री घरी, शब्द समोर ठेवून. एवढं झालं की सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन लांब ठेवून धून लावा. माहीमकरांनी लिहिलेला दादरा बोटांवर मोजत ऐका. सहा मोजता यायला लागले की मध्येच केव्हातरी मोजणं चुकेल, तिथे तीनताल आलाय. आणि लगेच सहावी बाजू लावा, 'समथिंग' आणि 'बांगलादेश'. हॅरिसन सरळ सांगतो की माझा मित्र डोळ्यांत दुःख घेऊन माझ्याकडे आला. तो मित्र कोण ते तुम्ही नुकतंच ऐकलेलं असेल.

मीना_गिरगाव

मीही याच क्रमानं ऐकून बघते. दिरांकडचा तो खोका अजून आहे, रेकॉर्ड प्लेअर मात्र बंद पडलाय.

कोलाहल

मीनाताई, प्लेअर घेऊन या, मी बघतो. बहुतेक वेळा बेल्ट सैल झालेला असतो किंवा सुई गेलेली असते, दोन्ही मिळतं. नाहीतर सरळ खोकाच आणा. माझ्याकडे अंधेरीला नीट लावलेलं टर्नटेबल आहे आणि आठ-दहा माणसं आरामात बसतील. सहा बाजू मिळून सुमारे १०० मिनिटं होतात, चहापाणी धरून अडीच तास. शनिवारी दुपारी स्टुडिओ रिकामा असतो. पहिल्या बाजूपासून क्रमानं लावू. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता पाठवतो.

पश्चिमरेल्वे

मी येतो. पाचव्या बाजूच्या वेळी कुणी बोलायचं नाही एवढं आधीच ठरवून घ्या.

माहीमकर

माझीही एक जागा धरा. तबला आणतो, अनाहूत_पाहुणा आले तर ठेका प्रत्यक्षच दाखवता येईल.